नानकटाईचा गल्ला: सोसायटीत स्टॉल लावून लहान मुलांना गणित कसं शिकवायचं

पहिला स्टॉल आम्ही चाळीस मिनिटांत संपवला. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची आमची सोसायटी, डिसेंबरातला रविवार, क्लब हाऊसबाहेर दोन टेबलं. सूनबाई आणि तिच्या मैत्रिणींनी केक, कुकीज, मफिन असे अकरा प्रकार मांडले होते. मागे क्यूआर कोडचा फलक, पुढे रांग. पैसे भरपूर जमले. मुलं मात्र टेबलाखाली पकडापकडी खेळत होती, कारण गिऱ्हाईक आलं की कुणीतरी मोठं माणूस म्हणायचं, "थांब रे, मी देते पटकन." मुलांना मोजायला शिकवायचं म्हणून मांडलेला हा उद्योग, आणि मुलांनी दिवसभरात एकही वस्तू मोजली नाही. हिशोब चोख, गणित शून्य.

मी बँकेत तीस वर्षं कॅशियर होतो. मला ते बघवलं नाही. पुढचा स्टॉल माझ्या हट्टाने वेगळ्या पद्धतीने लावला, त्यानंतर आणखी एक झाला. काय केलं आणि कुठे फसलो ते क्रमाने लिहितो. मुलं चार ते सात वर्षांची, म्हणजे बालवाडी ते दुसरीतली, असं धरलं आहे. मोठी भावंडं मदतीला घ्या, पण त्यांना गल्ल्यावर बसवू नका. ती धाकट्यांना मोजू देत नाहीत.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा: स्टॉल हळू चालणार. रांग लागली की मोठ्यांचा हात पुढे जातो, आणि तो हात पुढे गेला की मुलाचं मोजणं थांबतं. खाली जे काही सांगतोय त्यातलं निम्मं त्या एका हाताला मागे ठेवण्यासाठीच आहे.

१. देणगी कुणाला आणि कशाची, हे सगळ्यात आधी

"गरजूंना मदत" हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. "चोवीस ताटल्या" कळतं. दुसऱ्या वेळी आम्ही येऊरच्या एका पाड्यावरची अंगणवाडी निवडली. आधी जाऊन सेविकाताईंना विचारलं. आम्ही मनात पाटी-खडू धरून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "पाट्या आहेत हो. नाश्त्याच्या ताटल्या द्या, स्टीलच्या. चोवीस मुलं आहेत." एक ताटली चाळीस रुपयांची. लगेच मुलांना एक भाव मिळाला: दहा-दहा रुपयांच्या चार नानकटाया म्हणजे एक ताटली. (हा भाव पुढे बिघडतो, ते आठव्या पायरीत.)

पैशाची देणगी एखाद्या संस्थेला देणार असाल तर पावती घ्या, आणि ती कुणा एकाच्या नावावर घेऊन करसवलत मागू नका. पैसे सगळ्यांचे आहेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात वजावट मिळत नाही, त्यामुळे त्या वादात पडण्यात तसाही अर्थ नाही. मुलांसाठी मात्र वस्तूच बरी. ती हातात धरता येते आणि मोजता येते.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

ही यादी छापून फ्रिजवर लावा:

- सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र. तारीख, वेळ, जागा, टेबलं किती, पैसे कुणाला जाणार आणि कचरा कोण उचलणार, हे सगळं त्यात हवं. कमिटीची बैठक बहुधा महिन्यातून एकदाच होते, म्हणून पत्र महिनाभर आधी द्या.
- अन्नसुरक्षेची नोंदणी. २००६ च्या कायद्यात तात्पुरता स्टॉल लावणारेही येतात, हे आम्हाला पहिल्या वेळी ठाऊकच नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू घरून केक विकतात, त्यांची नोंदणी आहे. दुसऱ्या वेळी सगळं त्यांच्या देखरेखीखाली केलं आणि त्यांचा नोंदणी क्रमांक पाटीवर लिहिला. अशी कुणी शेजारीण असेल तर तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.
- प्रत्येक मुलाच्या पालकांचा होकार, आणि मुलाला काय चालत नाही ते. शेंगदाणे, बदाम, दूध, गहू हे नाव घेऊन विचारा. "ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की सगळे "नाही" म्हणतात.
- पदार्थांची पाटी: त्यात काय काय घातलंय, कधी केलं, आणि अंडं आहे की नाही.

अंड्याबद्दल माझं मत सरळ आहे. घालूच नका. आमच्या विंगमध्ये जैन शेजारी आहेत, रविवारी चतुर्थी आली तर अर्धी बिल्डिंग उपासाला. बिनअंड्याचं असलं की निदान एक प्रश्न कमी होतो.

तलावपाळीवर, म्हणजे तळ्याकाठी, किंवा एखाद्या बागेत स्टॉल लावायचा मोह होतो, तिथे गर्दी असते. पण ती सार्वजनिक जागा, महापालिकेची परवानगी लागणार, आणि अनोळखी गर्दीत मुलं बुजतात. पहिली दोन वर्षं सोसायटीतच काढा.

३. तारीख

पावसाळा नको. ठाण्याच्या पावसात नानकटाई तासाभरात मऊ पडते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवारी संध्याकाळी पाच ते सात, लोक चालायला खाली उतरतात तेव्हा. दोन तासांच्या वर नको, मुलं कंटाळतात.

४. दोनच पदार्थ, दोनच किमती

अकरा प्रकार ठेवल्यावर काय होतं ते वर सांगितलंच. आता आम्ही नानकटाई दहा रुपयांना ठेवतो आणि रव्याच्या केकची वडी वीसला. बस्स. बारा, पंधरा, पंचवीस असल्या किमती मोठ्यांच्या सोयीच्या. सगळं दहाच्या पटीत असलं की मूल पैसे मोजत नसतं, दशकं मोजत असतं, आणि पहिलीत तेच तर शिकायचं असतं.

नानकटाईच का? कारण तिचं प्रमाण मुलाच्या हातात बसतं. पीठ दोन वाट्या असेल तर तूप साधारण एक वाटी आणि पिठीसाखर एक वाटी. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरातून तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि समोर बसून भट्टीतून नानकटाया भाजून आणायच्या, ही पद्धत होती. डबा घेऊन परत येताना किती झाल्या हे मोजायचं काम माझ्याकडे असे. वाटेत एक कमी होई.

एका घाण्याचं वजनी प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, थिजलेलं तूप १२५, पिठीसाखर १२५. चिमूटभर मीठ, थोडा सोडा, वेलदोडा. मिळून पाचशे ग्रॅम. वीस ग्रॅमची एक गोळी केली तर पंचवीस होतात, पण पंचविसावी कधी होतच नाही, कारण भांडं चाटलं जातं. चोवीस धरा. १६० अंशांवर अठरा मिनिटांच्या आसपास. बाहेर काढल्यावर मऊच लागते, गार झाली की कडक होते. "कच्ची राहिली" म्हणून परत आत सरकवू नका, आम्ही एक ट्रे तसाच करपवला.

केक चौकोनी भांड्यात करा. वीस सेंटीमीटरच्या भांड्यातला केक मधोमध कापला की दोन, आडवा कापला की चार, प्रत्येक भाग पुन्हा तसाच कापला की सोळा. गोल केकचे सोळा सारखे तुकडे करून दाखवा बघू.

५. सामान

- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, आणि जमलं तर तराजू. हँगरला दोन प्लास्टिकच्या वाट्या टांगून केलेलाही चालतो.
- मिठाईचे रिकामे खोके. आत पेनने दोन ओळींत पाच-पाच घरं आखा. हे दहाचं खोकं फार कामाचं.
- राजमा, पाव किलो. खाण्यासाठी नाही.
- झाकणाची पारदर्शक बरणी.
- गल्ला. स्टीलचा डबा चालेल, पण आत कप्पे हवेत.
- सुटे तीनशे रुपये: दहाची वीस नाणी, विसाच्या पाच नोटा.
- जाड पुठ्ठा, स्केचपेन, चिमटे, हातमोजे, बटर पेपर.

"मॅथ किट" म्हणून दीड-दोन हजारांना जी रंगीत पेटी मिळते ती घेऊ नका. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पानं, बिया यांवर बालवाड्या चालवल्या. आपल्याकडे तर तूप-साखर आहे.

६. बाजार: पाव, अर्धा, पाऊण

ॲपवरून सामान मागवू नका. मुलांना जांभळी नाक्याला घेऊन जा. सकाळी दहाच्या आत, नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. ती पाठांतरं परत आणा असं मी म्हणत नाही, मला स्वतःला औटकीने, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याने, रडवलंय. पण ते शब्द घालवू नका. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. अपूर्णांकाला इतके रोजचे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या मुलाने चौथीत गेल्यावर एक छेद चार बघून घाबरावं हे मला पटत नाही.

अडचण दुकानातल्या काट्याची आहे. पूर्वी तराजूच्या पारड्यात लोखंडी वजनं दिसायची, चार पावांचा किलो होताना समोर बघता यायचं. आता काट्यावर ०.२५० असं लुकलुकतं. नातीने विचारलं, "पाव मागितला तर शून्य का आलं?" दुकानदार भला माणूस. त्याने बेसनाच्या पाव-पाव किलोच्या चार पुड्या बांधल्या आणि एकेक करून काट्यावर ठेवल्या. पाव, अर्धा, पाऊण, एक. चौथीला आकडा १.००० झाला तेव्हा तिने टाळी वाजवली. त्या चारही पुड्या मग मला विकत घ्याव्या लागल्या. पंधरा दिवस घरात पिठलं.

येताना नातवाने "पाव किलो पाव" असा विनोद शोधून काढला आणि रिक्षात घरापर्यंत तोच चालू ठेवला. हा विनोद प्रत्येक मराठी मूल एकदा शोधतं. हसा.

७. ओट्यावर: खरी मोजणी इथे होते

ही पायरी घाईत उरकू नका. स्टॉलच्या दोन तासांपेक्षा आदल्या दिवशीच्या स्वयंपाकघरात मुलं जास्त शिकतात.

ओटीजीला, म्हणजे घरच्या ओव्हनला, हात मोठ्यांनीच लावायचा, यात सूट नाही. बाकी सगळं मुलांना करू द्या.

पहिली गोष्ट तुमच्या लक्षात येईल ती ही, की शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला बारा गोळ्या मोजता येत नाहीत. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. तो आकडे म्हणत असतो, आरती म्हणावी तसे. उपाय सोपा: मोजलेली गोळी उचलून खोक्याच्या घरात ठेवायची. एक घर, एक गोळी, एक आकडा. हात हलल्याशिवाय तोंड हलवायचं नाही.

दुसरी गोष्ट. मुलाने नीट सात मोजल्या. विचारा, "मग किती आहेत?" तो पुन्हा "एक, दोन, तीन..." सुरू करेल. त्याला मोजता येतं, पण शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे अजून उमगलेलं नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. चुकलं म्हणू नका. मोजून झालं की डब्यावर झाकण ठेवा आणि मग विचारा, "आत किती?" आता पुन्हा मोजायची सोय नाही, त्यामुळे आकडा धरून ठेवावा लागतो. तीन-चार डब्यांत फरक दिसतो.

तिसरी गंमत मोठ्यांसाठी. आठ नानकटाया जवळजवळ मांडा, समोर आठ लांब लांब. चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक सांगेल की लांब रांगेत जास्त आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग. वाद घालू नका. दोन्ही रांगांतून एकेक उचलून जोड्या लावायला सांगा आणि गप्प बसा.

आणि आता आपल्या मराठीतला खास खड्डा. आपण बोलतो "पंचवीस", म्हणजे आधी पाच आणि मग वीस, आणि लिहितो आधी दोन मग पाच. मूल ५२ लिहितं त्यात त्याची काय चूक? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम मुलांना जड जातो. मीही तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत होतो. नातवंडांना शिकवायला बसल्यावर बाईंचं म्हणणं कळलं. मी आता दोन्ही म्हणतो. दोन भरलेली खोकी आणि पाच सुट्या दाखवून "वीस आणि पाच, पंचवीस."

एकोणतीस मात्र मी सोडत नाही, कारण तो शब्दच गणित आहे. दहा-दहाची तीन खोकी मांडली, शेवटच्या खोक्यात एक घर रिकामं. "तीस व्हायला किती कमी?" "एक." "एक उणा तीस, एकोणतीस." धाकट्याने खोक्यातल्या त्या रिकाम्या घराकडे बघितलं आणि स्वतःहून विचारलं, "मग एकोणचाळीसपण असाच?" इतकी वर्षं तो शब्द वापरला, पण त्यातली ही फट मीही त्याच्यासारखी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितली.

८. खर्च वेगळा काढा, नानकटायांमध्येच

"नफा" हा शब्द वापरू नका. एका घाण्याचा आमचा खर्च असा आला: तूप ८० रुपये, मैदा १०, बेसन ६, पिठीसाखर ८, वेलदोडे वगैरे ६. एकूण ११०. चोवीस नानकटाया विकून येणार २४०.

हे कागदावर मांडलं तर सहा वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. म्हणून टेबलावर चोवीस खऱ्या नानकटाया ठेवल्या. मी अकरा एका बाजूला सरकवल्या. "या किराणावाल्या काकांच्या. त्यांचं सामान आणलं ना आपण? उरल्या त्या अंगणवाडीच्या." मुलांनी मोजल्या, तेरा. एकदम शांतता. मग दुसऱ्या मजल्यावरचा पठ्ठ्या म्हणाला, "काकांच्या इतक्या?" चार नानकटायांना एक ताटली हा भाव तिथेच मोडला.

हा धक्का लपवू नका. बऱ्याच ठिकाणी पालक खर्च आपल्या खिशातून करतात आणि सगळी विक्री देणगीत टाकतात. आकडा मोठा दिसतो, पण वस्तू बनवायला काही लागत नाही असं मुलं धरून चालतात.

९. स्टॉलवर कोण कुठे

आदल्या संध्याकाळी घरात दुकान-दुकान खेळून घ्या. आजीला कटकट्या गिऱ्हाईकाचं काम द्या, ती ते आवडीने करते.

टेबलावर एका वेळी चारच मुलं, अर्ध्या तासाने पाळी बदलायची. एकजण चिमट्याने वस्तू देणारा. एकजण पैसे घेणारा. एकजण पुठ्ठ्यावर ताळ्याच्या खुणा करणारा, प्रत्येक नगाला एक रेघ, पाचवी आडवी. आणि चौथा राजमावाला.

राजमावाल्याची भानगड अशी. आता निम्मे लोक फोनवरून पैसे देतात. मोठ्यांच्या फोनमध्ये टिंग वाजतं आणि मुलासमोरून पैसा गायब होतो. त्याने नानकटाई दिली, बदल्यात आवाज आला. पहिल्या स्टॉलवर मुलांचा रस उडाला त्याचं हे एक मोठं कारण होतं. म्हणून नियम केला: फोनवर आलेल्या प्रत्येक दहा रुपयांना एक राजमा बरणीत. चाळीस आले तर चार. गिऱ्हाईकाने रक्कम मोठ्याने सांगायची, मूल राजमा मोजून टाकणार, मग पिशवी मिळणार. लोकांना हे आवडतं. एकदोघे तर रोख पैसे खिशात ठेवून मुद्दाम फोन काढायला लागले, राजमा पडताना बघायला.

नाण्यांचा सापळा: मुलांना मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे असं वाटतं. आपल्याकडे जुनं दोनचं नाणं पाचच्या नाण्यापेक्षा रुंद आहे. आदल्या दिवशी सगळी नाणी ओतून त्यांवरचे आकडे वाचून घ्या. पाचची दोन जोडून दहा करायची, हेही तेव्हाच.

सुटे परत देताना वजाबाकी करायला लावू नका. आम्ही काउंटरवर कधी वजाबाकी केली नाही, पुढे मोजत गेलो. पन्नासची नोट आली, वीसची वस्तू. वस्तू पुढे करून "वीस" म्हणायचं, मग दहा-दहा ठेवत "तीस, चाळीस, पन्नास". साडेपाच वर्षांच्या नातीला दुसऱ्याच गिऱ्हाइकाला हे जमलं. पाचशेच्या नोटा घेऊ नका. तशी पाटी लावा, तरी कुणीतरी आणतंच.

मोठ्यांपैकी एकजण गल्ल्यामागे, हाताची घडी घालून. खरंच घडी घालून, मी रुमाल धरून बसतो. गिऱ्हाइकांसाठीही पाटी लावा: "मुलं मोजत आहेत. उत्तर सांगू नका." आमच्याकडे त्या पाटीनंतरही एक गृहस्थ "अरे ऐंशी झाले, ऐंशी!" असं ओरडले. त्यांना मुलांनीच पाटी दाखवली.

१०. गल्ला जुळवा

सगळं आवरून, पंखा लावून, जमिनीवर बसून. मुलं दमलेली असतात, तरी ही पायरी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

सुरुवातीचे सुटे किती ठेवले होते ते आधी लिहून ठेवलेलं हवं, नाहीतर तीनशे रुपये कमाई समजून नाचाल. आमचा हिशोब असा झाला. खुणा मोजल्या: नानकटाया ९६, वड्या ३२. म्हणजे ९६० आणि ६४०, मिळून १६००. हे मुलांनी दहा-दहाच्या ढिगांनी केलं, मी फक्त शून्यं लिहिली. बरणीतला राजमा ओतून दहाच्या खोक्यांत भरला: सात खोकी आणि वर चार. चौऱ्याहत्तर, म्हणजे फोनवर ७४० आले. सूनबाईच्या फोनमध्येही तेवढेच. मग रोख ८६० आणि आधीचे ३००, डब्यात ११६० हवेत.

निघाले ११८०.

मुलं खूश, वीस जास्त! इथे माझ्यातला कॅशियर जागा झाला. जास्त आले तरी ती चूकच, कुणाचे तरी वीस रुपये आपल्याकडे राहिले असणार. पुन्हा मोजलं. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या. तेच. शेवटी पैसे घेणाऱ्या मुलीला आठवलं, चौथ्या मजल्यावरच्या आजी "राहू दे गं वीस" म्हणाल्या होत्या. एकजण वर जाऊन विचारून आला. मग वहीत वेगळ्या ओळीवर लिहिलं: आजींचे २०.

घरी गेल्यावर दोघा पालकांनी मला सांगितलं की वीस रुपयांसाठी मुलांना अर्धा तास बसवायला नको होतं. मला अजूनही वाटतं, त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं गणित तेच होतं.

११. ताटल्या आणि उरलेला हिशोब

विक्री १६००. नानकटाईचे चार घाणे ४४०, दोन केक २८०, खर्च ७२०. उरले ८८०, आजींचे धरून ९००. भांड्यांच्या दुकानात मुलांनी चाळीस-चाळीसचे ढीग लावले. बावीस ढीग झाले आणि वीस रुपये उरले.

हव्या होत्या चोवीस. दोन कमी.

इथे फार जपा. तुमच्यासकट सगळ्या मोठ्यांचा हात खिशाकडे जाईल. माझा गेला होता. सूनबाईने डोळ्यांनी दटावलं. नात बोटांवर मोजत म्हणाली, "दोन ताटल्या म्हणजे ऐंशी. वीस आहेत. साठ हवेत. मग सहाच नानकटाया करू या!" दुसऱ्या मजल्यावरच्या पठ्ठ्याने तिच्याकडे बघितलं. "सहा आपल्या. काकांच्या वेगळ्या."

पुढच्या रविवारी अर्धा घाणा केला. बारा नानकटाया, लिफ्टबाहेर वीस मिनिटांत गेल्या. आले १२०, काकांचे ५५, उरले ६५. वीस मिळवून ८५. दोन ताटल्या आल्या आणि पाच रुपये गल्ल्यात राहिले. ते कुणाचे, यावर अजून एकमत झालेलं नाही.